तीस ग्रॅम

रिपोर्ट माझाच. रक्तही मीच काढलं,
डाव्या हाताचं, उजव्या हाताने,
मंगफच्या दवाखान्यात, दुपारी दोनला,
पेशंट नसतात तेव्हा.
मशीनने आकडा दिला, सहा पूर्णांक चार.
नमुना पुन्हा लावला. सहा पूर्णांक चार.
खाली तंत्रज्ञाच्या सहीची जागा असते,
तिथे सही केली,
दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर करते तशीच, नीट.

डॉक्टर हनान कैरोच्या. बोलण्यात कायम घाई.
"रुझ ला, खुब्झ ला," म्हणाल्या,
आणि हवेत बोटाने एक आडवी रेघ मारली.
तांदूळ गेला, गहू गेला, मका गेला.
ज्वारी त्यांना ठाऊकच नव्हती.
ती मीच रेघेखाली ढकलली.

मग हा डबा. फहाहीलच्या को-ऑपरेटिव्हमधून,
तीन दिनार साडेसातशे फिल्स.
गुणाकार मी हल्ली करत नाही.
केला. हजारावर गेला.
आत खोबऱ्याचे पातळ काप, बदाम, जवस,
भोपळ्याच्या बिया,
आणि वर ठळक अक्षरांत, मोठ्या अभिमानाने,
एकही धान्य नाही.
आमच्या घरी हे वाक्य
नेहमी हळू आवाजात बोललं जायचं.

"उपास का आज?" श्रीरंगने विचारलं.
रात्रपाळीहून आलेला, बुटांना गंधकाचा वास.
"हो."
"कुणाचा?"
मला नाव सुचेना.
संकष्टीला निदान चंद्र असतो,
एकादशीला दुसरा दिवस असतो.
या उपासाचं पारणं कधी, ते डब्यावर छापलेलं नव्हतं.

पहिला घास, पुठ्ठा.
दुसरा घास, पुठ्ठ्याला लागलेला बदाम.
दुधात ते भिजतही नाही, नुसतं तरंगतं,
रुसून बसल्यासारखं.
चावत राहिले. सहालाच खिडकीची काच हाताला भाजत होती.
राहिलेलं मूठभर गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं.
कबुतरं आली. माना तिरक्या करून पाहिलं.
एकाने बी उचलली, टाकली,
आणि खाली हारिसने भिरकावलेल्या शिळ्या खुब्झवर
सगळी एकदम उतरली.

माझे वडील मापाडी.
बार्शीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं
लोकांचं धान्य मोजलं त्यांनी.
जेवायला बसायचे तेव्हाही पापण्यांवर भुसकट.
घरी यायची ती झाडलोटीची ज्वारी, मातीसकट.
आई चाळायची, निवडायची, पुन्हा चाळायची,
खडा तरी दाताखाली यायचाच,
आणि कुणी काही बोलायचं नाही.
मी कुवेतला निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले,
जिथलं दाणापाणी लिहिलंय तिथं जावंच लागतं.
पाणी इथे समुद्राचं, मीठ काढून नळाला येतं.
दाण्याचं आता हे असं.
फोनवर सांगितलं नाही त्यांना.
कसं सांगू, अण्णा,
तुम्ही जन्मभर मोजलंत, ते मला वर्ज्य झालंय?

चौथ्या दिवशी जवसाने दाताखाली
ओळखीचा वास सोडला. चटणीचा.
त्या एका दाण्यासाठी मग सगळी वाटी संपवली.
श्रीरंगने वरून तिखट-मीठ भुरभुरून पाहिलं,
म्हणाला, चिवडा व्हायला अजून दोन पिढ्या लागतील.

डब्यावर लिहिलंय, एका वेळी तीस ग्रॅम.
दवाखान्यात थेंब मोजणारी मी, अंदाजावर माझा विश्वास नाही.
छोटा काटा आणला.
आज सकाळी वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला,
हळूहळू ओतत गेले. अठ्ठावीस. एकोणतीस.
आणि तीसवर काटा थांबला तेव्हा
तोंडातून निघून गेलं, "लाभ."

पहिल्या मापाला अण्णा कधी एक म्हणत नसत.
लाभ म्हणायचे, लांबवून, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं.
मग दोन. मग तीन. संध्याकाळपर्यंत.

"काय म्हणालीस?" आतून श्रीरंग.
"काही नाही. मोजतेय."
डब्याचं झाकण लावलं.
दोन म्हणायचं नव्हतं.